‘कंटिन्यू’ : एक शब्द, अनेक अर्थ

इंग्रजीतील ‘कंटिन्यू’ हा शब्द मराठी बोलण्यात आता परका राहिलेला नाही. ‘हे औषध कंटिन्यू करा’, ‘मीटिंग उद्या कंटिन्यू करू’, ‘त्यांना त्याच पदावर कंटिन्यू केले’ अशी वाक्ये दवाखान्यात, कार्यालयात आणि घरातही रोज कानावर पडतात. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘चालू ठेवणे’ किंवा ‘चालू राहणे’ असा सापडतो. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. वरच्या तीन वाक्यांतच या शब्दाचे तीन निरनिराळे अर्थ आहेत. पहिल्या वाक्यात खंड पडू न देणे अभिप्रेत आहे. दुसऱ्यात खंड पडणार हे गृहीतच आहे आणि थांबलेले काम पुन्हा हाती घ्यायचे आहे. तिसऱ्यात एखाद्याला आहे त्या जागी राहू देण्याची गोष्ट आहे.

मराठीत या तिन्ही अर्थांसाठी वेगवेगळे शब्द आहेत. इंग्रजी भाषा मात्र एकाच शब्दावर काम भागवते. त्यामुळे भाषांतर करताना, कायद्याचे कलम वाचताना किंवा डॉक्टरांची चिठ्ठी समजून घेताना नेमका कोणता अर्थ घ्यायचा, हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाच्या उत्तरावर कधी एखाद्या कामगाराची नोकरी, तर कधी एखाद्या रुग्णाचे आरोग्य अवलंबून असते.

व्युत्पत्ती

‘कंटिन्यू’ हा शब्द चौदाव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘कोन्तिनुआरे’ हे क्रियापद असून त्याचा अर्थ जोडणे, सलग करणे असा होतो. हे क्रियापद ‘कोन्तिनेरे’ या धातूशी निगडित आहे. ‘कोम्’ म्हणजे सह किंवा एकत्र आणि ‘तेनेरे’ म्हणजे धरणे. अर्थात ‘कोन्तिनेरे’ म्हणजे एकत्र धरून ठेवणे. ‘कंटेन’ (सामावून घेणे), ‘मेन्टेन’ (सांभाळणे), ‘सस्टेन’ (टिकवणे), ‘टेनन्ट’ (कूळ, भाडेकरू) आणि ‘टेन्युअर’ (पदाचा कार्यकाळ) हे शब्द याच कुळातले आहेत. या सर्वांत ‘धरून ठेवणे’ ही कल्पना कोठे ना कोठे दिसते.

भाषाशास्त्रज्ञ लॅटिन ‘तेनेरे’चा संबंध ‘ताणणे’ या अर्थाच्या आदिम भारोपीय धातूशी जोडतात. संस्कृतमधील ‘तन्’ हा धातू त्याच मुळातून आलेला आहे. ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे. तंतू, तंत्र, वितान आणि गायनातील तान हे शब्द या धातूपासून झाले. ‘सम्’ हा उपसर्ग लागून ‘संतत’ हा शब्द बनला. त्यातील ‘म्’ लोपला की ‘सतत’ हे रूप मिळते आणि ‘सतत’वरून ‘सातत्य’ सिद्ध होते. ‘संतती’ आणि ‘संतान’ हेही त्याच घरातले शब्द. वंशाचा धागा पुढे ताणला जातो, म्हणून अपत्याला संतान म्हणावयाचे. ‘कंटिन्यू’ आणि ‘सतत’ हे शब्द अशा रीतीने दूरचे भाऊबंद ठरतात.

याच कुळातील ‘कॉन्टिनेन्ट’ या शब्दाची गंमत पाहण्यासारखी आहे. सलग जोडलेली, एकसंध भूमी या कल्पनेतून इंग्रजीला हा शब्द मिळाला. मराठीत त्याच भूभागाला आपण ‘खंड’ म्हणतो; म्हणजे तुकडा. इंग्रजीने भूमीचे आतले सलगपण पाहिले, तर आपण ती संपूर्ण पृथ्वीचा एक भाग असल्याचे पाहिले.

व्युत्पत्तीचा हा तपशील केवळ कुतूहलाचा विषय नाही. शब्दाच्या मुळाशी ‘न थांबणे’ ही कल्पना नसून ‘जोडून धरणे’ ही आहे, हे त्यातून कळते. आपल्याकडील अखंड हरिनाम सप्ताह हे त्याचे चांगले उदाहरण म्हणता येईल. सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. मात्र एकच वारकरी सात दिवस उभा राहत नाही. पहारे लावलेले असतात. एकाच्या गळ्यातील वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि सप्ताह अखंड राहतो. माणसे बदलली, तरी जोडणारा दुवा तुटत नाही. ‘कंटिन्यू’चा मूळ अर्थ याहून फारसा निराळा नाही.

चार प्रमुख अर्थ

आजच्या इंग्रजीत या क्रियापदाचे चार अर्थ विशेष रूढ आहेत.

पहिला अर्थ, न थांबता चालू राहणे किंवा ठेवणे. ‘पाऊस रात्रभर कंटिन्यू झाला’ याचे मराठी ‘पाऊस रात्रभर पडतच राहिला’ असे होईल. मराठीत हा अर्थ बहुधा क्रियापदाला ‘च’ आणि ‘राहणे’ जोडून व्यक्त होतो : बोलतच राहिला, वाढतच गेली, लिहीत राहा. प्रत्येक वेळी ‘चालू ठेवले’ म्हणण्याची आवश्यकता नसते.

दुसरा अर्थ, थांबल्यानंतर पुन्हा पुढे नेणे. ‘भोजनानंतर चर्चा कंटिन्यू होईल’ म्हणजे चर्चा ‘पुढे सुरू होईल’. येथे ‘अखंड’ किंवा ‘सतत’ हे शब्द योजले तर अर्थाचा अनर्थ होईल.

तिसरा अर्थ, त्याच स्थितीत किंवा पदावर राहणे. ‘ते अध्यक्ष म्हणून कंटिन्यू होतील’ याचे मराठी ‘ते अध्यक्षपदी कायम राहतील’ असे होते. अरबीतून आलेल्या ‘कायम’ शब्दाचा मूळ अर्थ ‘उभा असलेला’ असा आहे. एक सावधगिरी मात्र घ्यावी. नोकरीच्या संदर्भात ‘कायम’ म्हणजे ‘पर्मनन्ट’ असाही अर्थ रूढ असल्याने ‘त्यांना सेवेत कायम केले’ आणि ‘त्यांना सेवेत राहू दिले’ या वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर पडते.

चौथा अर्थ, जागेच्या दृष्टीने पुढे जाणे. रस्ता, भिंत, डोंगराची रांग ‘कंटिन्यू’ होते. म्हणजे पुढे जाते, पुढेही पसरलेली असते.

‘कंटिन्युअस’ आणि ‘कंटिन्युअल’

या क्रियापदाशी संबंधित दोन विशेषणांत विद्यार्थ्यांचा नेहमी घोटाळा होतो. ‘कंटिन्युअस’ म्हणजे मध्ये जराही खंड नसलेले; ‘कंटिन्युअल’ म्हणजे थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा घडणारे. धबधब्याचा आवाज ‘कंटिन्युअस’ असतो. शेजारच्या घरातील दाराची घंटा दिवसभर वाजत असेल, तर ती ‘कंटिन्युअल’. इंग्रजी लेखकही हा भेद सदैव पाळतात असे नाही, परंतु काटेकोर लेखनात तो पाळावा असा संकेत आहे.

मराठीत ‘सतत’ हा शब्द या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. ‘सतत वाहणारी नदी’ आणि ‘सतत तक्रार करणारा माणूस’ या दोन प्रयोगांतील ‘सतत’ सारखा नाही. भेद दाखवावयाचा असल्यास पहिल्यासाठी ‘अखंड’ वा ‘सलग’ आणि दुसऱ्यासाठी ‘वारंवार’ किंवा ‘पुन्हा पुन्हा’ हे शब्द उपयोगी पडतात.

हा भेद शिक्षणक्षेत्रात महत्त्वाचा ठरला. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या अधिनियमात मुलांच्या आकलनाचे ‘कंटिन्युअस’ मूल्यमापन सांगितलेले आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि महाराष्ट्रात ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ ही संज्ञा रूढ झाली. शिकणे चालू असतानाच मुलाला काय समजले याकडे लक्ष ठेवणे, हा त्यामागील हेतू. येथे ‘सातत्य’ याचा अर्थ ‘वारंवार’ असा घेतला, तर मूल्यमापनाचे रूपांतर एकामागून एक येणाऱ्या चाचण्यांत होते आणि परीक्षेचे ओझे कमी होण्याऐवजी वाढते. एका विशेषणाचा अर्थ चुकला की वर्गातील वातावरण कसे बदलू शकते, याचे हे उदाहरण होय.

मराठीतील पर्याय

‘कंटिन्यू’ आणि त्याच्या साधित शब्दांसाठी मराठीत शब्दांची चणचण नाही. निरंतर म्हणजे ज्यात अंतर नाही ते. अविरत म्हणजे न थांबणारे. अव्याहत म्हणजे ज्याला अडथळा आलेला नाही ते. अखंड म्हणजे न तुटलेले. सलग म्हणजे मध्ये रिकामी जागा न सोडता एकास एक लागून असलेले. लागोपाठ म्हणजे एकामागून एक. संघ ‘लागोपाठ तीन सामने’ हरतो, पण पाऊस ‘सलग तीन दिवस’ पडतो. सामने वेगवेगळे असतात, पाऊस एकच असतो.

‘सुरू’ हा शब्द जपून वापरावा लागतो. त्याचा मूळ अर्थ आरंभ असा आहे. मराठीत मात्र तो ‘चालू’ या अर्थानेही येतो. ‘शाळा सुरू आहे’ हे वाक्य वर्ग चालू असल्याचे सांगते, तर ‘शाळा सुरू झाली’ हे वाक्य आरंभाची वार्ता देते. ‘जारी’ या शब्दाचेही तसेच. शोधकार्य जारी असते तेव्हा ते चालू असते. आदेश जारी होतो तेव्हा तो निघालेला असतो.

नियतकालिकांनी या अर्थासाठी आपली स्वतंत्र परिभाषा घडवली आहे. बातमी दुसऱ्या पानावर जाते तेव्हा ‘उर्वरित पान ४ वर’ असे छापतात. लेखमालेच्या किंवा कादंबरीच्या प्रकरणाखाली ‘क्रमशः’ असते. ह. ना. आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी त्यातून क्रमशः वाचकांपुढे आली. ‘क्रमशः’ या शब्दात थांबण्याची आणि पुढे येण्याची, अशा दोन्ही सूचना आहेत. वाचकाने आठवडाभर धीर धरावा, पण धागा सोडू नये.

व्याकरणातील भेदही लक्षात घेण्यासारखा आहे. ‘मी लिहीत आहे’ या वाक्याचा काळ इंग्रजी व्याकरण ‘कंटिन्युअस’ म्हणून ओळखते. मराठी व्याकरणात त्यास ‘अपूर्ण वर्तमानकाळ’ म्हणतात. क्रिया एकच. इंग्रजी नावात तिचे चालू असणे दिसते, मराठी नावात तिचे अद्याप पुरे न होणे.

कायद्यातील ‘कंटिन्यू’

भारताच्या राज्यघटनेत या शब्दाला मोठे वजन आहे. ३४३ व्या अनुच्छेदानुसार हिंदी ही संघराज्याची राजभाषा ठरली. परंतु घटनेच्या प्रारंभापासून पंधरा वर्षे इंग्रजीचा वापर ‘कंटिन्यू’ राहील, असेही तेथेच नमूद केले गेले. ही मुदत २६ जानेवारी १९६५ रोजी संपणार होती. तत्पूर्वी १९६३ मध्ये राजभाषा अधिनियम संमत झाला आणि त्या तारखेनंतरही हिंदीच्या जोडीने इंग्रजीचा वापर ‘मे कंटिन्यू’, म्हणजे ‘चालू ठेवता येईल’, अशी शब्दयोजना करण्यात आली. अहिंदी भाषक राज्यांतील टीकाकारांचे बोट ‘मे’ या शब्दावर होते. ‘चालू ठेवता येईल’ यात ‘चालू न ठेवताही येईल’ हा अर्थ दडलेला आहे, असे त्यांचे म्हणणे. १९६५ च्या जानेवारीत तमिळ भाषक प्रदेशात उग्र आंदोलन झाले. अखेर १९६७ मध्ये अधिनियमात दुरुस्ती करून हिंदी न स्वीकारलेल्या राज्यांच्या संमतीवाचून इंग्रजीचा वापर बंद होणार नाही, अशी तरतूद केली गेली. चालू ठेवण्याची मुभा आणि चालू राहण्याची हमी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

कामगार कायद्यांत हा शब्द थेट भाकरीशी जोडलेला आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमातील २५-ब या कलमात ‘कंटिन्युअस सर्व्हिस’, म्हणजे अखंड सेवा, या संज्ञेची व्याख्या होती. आजारपण, मंजूर रजा, अपघात, बेकायदा नसलेला संप, टाळेबंदी किंवा कामगाराचा दोष नसताना बंद पडलेले काम, यांमुळे सेवेत पडलेला खंड हा खंड मानावयाचा नाही, असे त्या व्याख्येचे तात्पर्य होते. शिवाय आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस, आणि खाणीत जमिनीखाली काम करणाऱ्याने १९० दिवस प्रत्यक्ष काम केले असल्यास, त्याची सेवा वर्षभर अखंड झाली असे धरले जाई. पुढे हा अधिनियम रद्द होऊन त्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अखंड सेवेची कल्पना तिच्यातही आहे.

येथे कायद्याने शब्दाच्या मूळ अर्थालाच धरून ठेवले आहे. कामगार रोज हजर होता काय, एवढेच पाहिले जात नाही. मालक आणि कामगार यांना जोडणारा धागा तुटला होता काय, हे पाहिले जाते. त्यामुळेच काही दिवसांचा ‘ब्रेक’ देऊन त्याच माणसाला पुन्हा त्याच कामावर घेण्याची पद्धत वादाचा विषय होत आली. महाराष्ट्रात १९७१ मध्ये कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम झाला. कायम कामगारांचे हक्क मिळू नयेत या हेतूने बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते कामगार नेमून त्यांना वर्षानुवर्षे तसेच ‘कंटिन्यू’ करणे, ही त्यात अनुचित प्रथा ठरवण्यात आली. एकाच शब्दाची ही दोन टोके आहेत. कामगाराला सेवेचे सातत्य हवे असते, तर काही मालकांना त्याच्या तात्पुरतेपणाचे सातत्य हवे असते.

अमेरिकी न्यायालयांत या कुळातील ‘कंटिन्युअन्स’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने येतो. तेथे त्याचा अर्थ सुनावणी तहकूब करून पुढची तारीख देणे, असा आहे. अमेरिकेतील एखाद्या खटल्याची बातमी मराठीत आणताना ‘सुनावणी चालू राहिली’ असे लिहिले, तर नेमके उलटे सांगितल्यासारखे होईल.

दवाखान्यातील ‘कंटिन्यू’

रुग्णाच्या कागदपत्रांवर पुष्कळदा ‘सीएसटी’ अशी तीन अक्षरे दिसतात. ‘कंटिन्यू सेम ट्रीटमेंट’, म्हणजे तेच उपचार चालू ठेवा, या वाक्याचे ते संक्षिप्त रूप. आधीचा कागद हाताशी असेल तरच या सूचनेला अर्थ राहतो. तो हरवला असेल, तर ‘तेच’ म्हणजे कोणते, हे डॉक्टरांना पुन्हा विचारून घ्यावे.

क्षयरोगाच्या उपचारात तर हा शब्द एका टप्प्याचे नावच आहे. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगावरील सहा महिन्यांच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल ही चार औषधे दिली जातात. तो तीव्र उपचारांचा टप्पा. पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे चालू राहतात. हा ‘कंटिन्युएशन फेज’, म्हणजे उपचार पुढे चालू ठेवण्याचा टप्पा. पहिल्या टप्प्यातच बहुतेकांचा ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढू लागते. आपण बरे झालो असे रुग्णाला वाटते आणि ‘पुढे चालू’ हे शब्द त्याला औपचारिक वाटू लागतात. प्रत्यक्षात शरीरात काही जंतू शिल्लक असतात. औषधे मध्येच सोडल्यास रोग उलटू शकतो आणि उरलेले जंतू औषधांना न जुमानणारे होण्याचा धोकाही वाढतो.

भारतात १९९७ पासून राबवल्या गेलेल्या सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमात आठवड्यातून तीन वेळा औषध देण्याची पद्धत होती. २०१७ मध्ये दररोज औषध देण्याची पद्धत देशभर स्वीकारली गेली आणि २०२० मध्ये कार्यक्रमाचे नाव राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम असे झाले. दोन्ही पद्धतींत उपचार ‘कंटिन्यू’च होते, मात्र एकीत एखाद दिवसाचा खंड नियमातच होता आणि दुसरीत तो नाही. त्यामुळे ‘कंटिन्यू करा’ एवढे सांगून भागत नाही. ‘किती दिवस, कोणत्या अंतराने आणि बरे वाटले तरी’ हे तीन तपशील त्यासोबत रुग्णाला समजले पाहिजेत.

संगणकातील ‘कंटिन्यू’

संगणकाच्या भाषांत हा शब्द आज्ञा म्हणून येतो आणि नवशिक्यांना चकवतो. १९५७ च्या फोर्ट्रान भाषेत ‘कंटिन्यू’ ही आज्ञा स्वतः काहीच करीत नसे. पुढे जा, एवढेच ती सांगे. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात घडवलेल्या ‘सी’ भाषेत मात्र तिचा अर्थ, चालू फेरीतील उरलेले काम सोडून पुढच्या फेरीला लागा, असा आहे.

पडद्यावरील ‘कंटिन्यू’ या बटणाचे मराठी रूप कित्येकदा ‘सुरू ठेवा’ असे असते. आधी काही चालू असेल तर ते शोभते. केवळ पुढच्या पायरीवर जावयाचे असेल, तर ‘पुढे जा’ हेच योग्य. पैशाच्या व्यवहारात किंवा अटी मान्य करताना त्या बटणाचा खरा अर्थ ‘मला मान्य आहे’ असा असतो. तेथे मोघम ‘सुरू ठेवा’पेक्षा ‘मान्य आहे, पुढे जा’ असे स्पष्ट शब्द असणे वापरणाऱ्याच्या हिताचे आहे.

योग्य शब्द कसा निवडावा?

‘कंटिन्यू’ समोर आला की स्वतःला चार प्रश्न विचारावेत. मध्ये खंड आहे काय? नसेल तर ‘अखंड’, ‘सलग’, ‘अविरत’ यांपैकी शब्द घ्यावा. खंड पडून काम पुन्हा हाती घेतले जात आहे काय? तर ‘पुढे सुरू होणे’, ‘पुन्हा सुरू करणे’. एखादी व्यक्ती वा स्थिती आहे तशीच राहत आहे काय? तर ‘राहणे’ किंवा ‘कायम राहणे’. जागेचा विस्तार सांगावयाचा आहे काय? तर ‘पुढे जाणे’. यांखेरीज, चालू ठेवण्याची केवळ मुभा आहे की ते बंधनकारक आहे, हे कायद्याच्या मजकुरात अवश्य पाहावे.

‘चालू ठेवणे’ हा सोयीचा शब्द आहे आणि पुष्कळ ठिकाणी तो चालतोही. परंतु काय चालू ठेवायचे, कोणी आणि कोठपर्यंत, याचे उत्तर तो देत नाही. ते उत्तर वाक्याच्या संदर्भातून शोधावे लागते. चिठ्ठीवरचा शब्द वाचून दवाखान्याबाहेर पडणाऱ्या रुग्णाला आणि नेमणुकीचा कागद हाती घेऊन उभ्या असलेल्या बदली कामगाराला ते शोधणे सर्वांत अगत्याचे असते.